मानाची पाटी

प्रेमलतानं कालथ्यानं काप उलटलं, रवा बदामी झालाय का ते वाकून पाहिलं, आणि तेल पुरतं निथळायच्या आत ते केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून गुरुदासच्या पुढ्यात सरकवलं.

“डोळे मिट. आनी मगे खा.”

गुरुदास म्हणजे लग्नाचा आचारी. तळेऱ्यापासून मालवणपर्यंत ज्या मांडवात त्याची कढई चढली नाही असा मांडव शोधावा लागेल. अशा माणसाला डोळे मिटून खायला लावणं जरा अतीच होतं. पण विठोबा तांडेलाच्या बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तोंडवलीतल्या पहिल्याच चहाला त्याला कळून चुकलं होतं. त्यानं मुकाट्यानं डोळे मिटले.

“नीरफणस,” तो म्हणाला. मग आणखी एक घास घेतला. “आसा नीरफणसच. पण वयनी, तोंडात घातल्यार सुरमय कशी काय इली?”

“सुरमय इली नाय. माझो मसालो इलो,” प्रेमलता म्हणाली. “कोकमाचां आगळ, लसूण, मिरची आनी वायच तिरफळ. लोक सुरमयचां नाव काढतत. अर्धी चव ह्याचीच आसता.”

“मस्त! मगे रिसेप्शनाक एका बाजूक हीं कापां ठेवया, दुसऱ्या बाजूक सुरमय...”

“सुरमय नाय.”

“मगे पापलेट?”

“पापलेट नाय, बांगडो नाय, सुंगटां नाय. सुक्या जवळ्याची चिमूटसुद्दा नाय.”

आता मात्र गुरुदासनं डोळे उघडले. लग्न कुडाळला नवरीकडे, मग इथे घरी पूजा, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी समुद्राच्या कडेला रिसेप्शन, असा बेत होता. पूजेचं जेवण गोडं, म्हणजे शाकाहारी, हे ठीकच. पण रिसेप्शन म्हणजे तिखटं जेवण, आणि बोटीच्या तांडेलाच्या घरचं तिखटं म्हणजे मासळी. त्यात प्रेमलता मालवणच्या बाजारातली नाव असलेली मासळीवाली. तिच्या पाटीतला मासा लोक कल्ले न बघता घ्यायचे.

“वयनी, तुमच्या मांडवात मासळी नाय तर मगे ती खावची खंय?”

“नवस बोललंय मी. प्रितमच्या मांडवात मासळी शिजवचंय नाय. कोंबडी-वडे कर, कोंबडी चलता.”

गुरुदासनं विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या प्रितमकडे पाहिलं. प्रितम, तिचा मुलगा, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची बोट चालवतो. तो मांडीवर दोरखंड घेऊन त्याची गाठ सोडवत होता, आणि ती गाठ त्याला एवढी महत्त्वाची वाटत होती की मान वर करायलाही फुरसत नव्हती.

नवस कसला नि काय कसला! तो शब्द प्रेमलताच्या तोंडून निघाला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं होतं. पण एकदा निघाला तो निघाला, आणि आता त्याला धरून राहणं भाग होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. चैत्रात कुडाळची माणसं घर बघायला आली, तेव्हा प्रेमलतानं सुरमयची अशी तुकडी तळली होती की कुडाळकरांनी बोटं चाखली. एक नवरी सोडून. आकांक्षानं पानाला हात लावला नाही. वाढप चालू असतानाच ती उठून वाऱ्याला गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या गळ्यावर लाल चट्टे होते. ऊन लागलं असेल, असं तिची आई म्हणाली. प्रेमलताच्या मस्तकात तिडीक गेली. आपल्या हातची सुरमय नाकारणारं माणूस तिनं आजवर पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते नेमकं होणारी सून म्हणून! पाहुणे फाटकाबाहेर पडले तसं तिनं प्रितमला गाठलं.

“नखरे आसत काय रे तिचे?”

“नखरे नाय, आये. तिका मासळी सोसना नाय. खाल्ल्यान तर गळो सुजता. एकदा दवाखान्यात नेवची लागलेली. नुसती वाफ लागली तरी अंगार गांधी उठतत.”

“आख्ख्या कुडाळात तुका हीच गावली?”

“हीच गावली,” प्रितम म्हणाला, आणि वर हसलाही.

दुसऱ्या दिवशी आकांक्षा एकटी एसटीनं आली आणि फाटकाशीच उभी राहिली. तिनं गोड बोलून सुरुवात केली नाही की रडं काढलं नाही.

“आई, प्रितम म्हणाललो, आमी येवच्या आधी मी आयेक सांगतंय. तेनी सांगूक नाय ही तेची चूक. मी गप रवलंय ही माझी. तुमका चलाचां नसला तर आताच सांगा.”

प्रेमलता तिच्याकडे बघत राहिली. चांगली उंच, उन्हानं रापलेली पोर. कुडाळच्या एमआयडीसीत फळांच्या कारखान्यात कामाला, आणि घरी स्वतःची सरबतं करून विकते म्हणे. बोलताना डोळे खाली घालत नव्हती. प्रेमलताला सरळ माणसं आवडत. मासळी विकणाऱ्या बाईला वाकडं माणूस लगेच ओळखू येतं. तिनं आत जाऊन लिंबानं हात घासले, नवा पेला काढला आणि तिला पाणी आणून दिलं. तिच्या मनाचं तेवढ्यातच ठरलं होतं.

मासळीचं काय, ती मागे बोटीच्या मांगरात, म्हणजे खोपीत, शिजवता येते. चूल काय कुठेही मांडता येते. प्रेमलताला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. या वाडीत माणसाला नाव पडतं. लवू पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हा त्याला ओकारी झाली. आज लवू म्हातारा झाला, स्वतःच्या दोन बोटी झाल्या, पण वाडीत तो ‘ओकारो लवू’, आणि त्याची नातवंडं ‘ओकाऱ्याची’. आणि स्वतः प्रेमलता? तिचं माहेर घाटाच्या बाजूचं, मासळी आठवड्याच्या बाजाराला दिसली तर दिसली. लग्नाच्या पहिल्याच पंगतीत तिच्या घशात पेडव्याचा काटा अडकला, आणि नवी नवरी भर मांडवात गुडघ्यावर बसून खोकत सुटली. त्या दिवसापासून ती ‘काटो प्रेमा’. पुढे तिनं मासळीचा धंदा असा केला की मालवणात नाव काढावं, पण वाडीत हाक यायची ती काट्याचीच. लग्नाची नवी साडी, आणि सगळी वाडी हसतेय, हे ती विसरली नव्हती. मग जिला मासळीच सोसत नाही त्या पोरीला वाडी काय नाव ठेवेल? आणि तेही तांडेलाच्या घरात! दर्यानं नाकारलेली सून म्हणतील, आणि ती म्हातारी होईपर्यंत म्हणतील.

त्यात मानाची पाटी होती. वाडीतल्या लग्नाला प्रत्येक बोटीकडून त्या दिवसाचा सर्वांत चांगला मासा यायचा. सगळे मासे एका पाटीत घालून बोटवाल्यांच्या बायका ती वाजतगाजत मांडवात आणायच्या. नवी सून त्या मासळीला हळदकुंकू लावायची आणि स्वतःच्या हातांनी पाटी उचलून चुलीपर्यंत न्यायची. तेवढं केलं की ती वाडीची झाली.

म्हणून नवस.

आणि ही नावं ठेवायची कोण? सीता.

सीता मालवणच्या बाजारात प्रेमलताच्या शेजारी बसायची. एकाच वाडीतल्या, एकाच टेम्पोनं यायच्या, आणि एकमेकींचं गिऱ्हाईक पळवण्यात दोघींचं आयुष्य गेलेलं. ‘काटो’ हे नावही सीतानंच ठेवलेलं. तिच्या तोंडून नाव पडलं की ते पडलंच.

“काय गो काटो, नवस बोललंस म्हणे?” एका सकाळी बांगड्यांवर पाणी मारता मारता सीतानं तोंड उघडलं.

“बोललंय.”

“खयच्या देवीक?”

“आपल्याच. गावच्या.”

“आपल्या देवीक मासळी चलना नाय? गेल्या जत्रेक तिसऱ्यांचो निवेद तूच केललंस मगे.”

हे प्रेमलताच्या ध्यानात आलंच नव्हतं. कान तापले, पण तिनं सुरा खाली ठेवला नाही. “तिका चलता. मी सोडलंय. आवडीची वस्तू सोडतत ना माणसां, तशी.”

“आनी कोंबो सोडूक नाय?”

“कोंबो माका तेवढो आवडना नाय.”

सीता अशी हसली की पलीकडच्या ओळीतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. “ऐकलात गो? जल्मभर मासळी विकल्यान, आनी झिलाच्या लग्नात भाजी वाढतली! शिरा पडो तुझ्या नवसार. आनी मानाची पाटी?”

“पाटीय नको. सगळ्या बोटींका सांगून धाडलंय.”

“नको म्हणता! वाडीचो मान नको म्हणता!” सीतानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिची नजर प्रेमलताच्या तराजूशेजारी गेली. तिथे पिळून झालेल्या लिंबांच्या फोडींचा छोटा ढीग होता. हल्ली उठायच्या आधी प्रेमलता कोपरापर्यंत लिंबू घासायची. सीतानं त्या फोडींकडे पाहिलं, प्रेमलताच्या हातांकडे पाहिलं, आणि एकदम गिऱ्हाइकाकडे वळून बांगड्यांचा भाव सांगायला लागली. एवढ्यावर सीता गप्प बसली, हेच प्रेमलताला जास्त टोचलं. घरी जाईपर्यंत तिच्या डोक्यात तेच होतं. आता ही काहीतरी शोधून काढणार.

बरं, मासळी नाही म्हटल्यावर पानात काय वाढायचं? लोकांनी बोटं मोडत घरी जावं हे तिला कदापि परवडणारं नव्हतं. मग तिनं कंबर कसली. नीरफणसाची कापं तर झालीच. ओल्या काजूंचे गर सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मसाल्यात परतून बघितले, आणि विठोबानं ताटली चाटूनपुसून मागं दिली. तिरफळाची आमटी बांगड्याची करतात तशीच केली, फक्त बांगड्याच्या जागी फणसाच्या आठळ्या आणि शेवग्याच्या शेंगा. पहिल्या खेपेला तिरफळ जास्त पडलं आणि सगळ्यांच्या जिभा बधिर झाल्या. दुसऱ्या खेपेला जमलं. शिरवाळे पंगतीसमोरच लाकडी साच्यातून पिळायचे, वाफाळते पानात पडले की वर नारळाचा गोड रस, असं ठरलं. गुरुदास म्हणाला की साचा दाबायला दोन तगडे गडी लागतील. प्रेमलता म्हणाली की वाडीत तगडे गडी नाहीत तर मग आहे काय?

“आनी पिवक?” त्यानं विचारलं.

“ता माझी सून बघतली,” प्रेमलता म्हणाली. ‘माझी सून’ हे शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारले होते. ते तिला चांगले वाटले, म्हणून तिनं आणखी एकदा सांगितलं.

आकांक्षा कुडाळहून बाटल्या, बरण्या आणि पिशवीभर रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, घेऊन आली. एव्हाना मासळीची चूल मांगरात गेली होती. स्वयंपाकघर राखेनं घासून, चुना मारून लख्ख झालं होतं. आकांक्षानं दारातच थांबून एक मोठा श्वास घेतला. गळ्याला काही झालं नाही. प्रेमलताकडे एकवार बघून ती आत आली.

“पावण्यांका रंगीत पाणी देवचां नाय हां,” प्रेमलतानं आधीच बजावलं.

“नाय देवक. ह्यां बघा.”

सोलकढी ती घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्यांमधून देणार होती. कैरीच्या पन्ह्यात तिनं वेलची न घालता भाजलेली हिरवी मिरची चुरडली होती. पण तिचा खरा हुकमाचा पत्ता पुढेच होता. तिनं रातांबे मधोमध कापले, बिया काढल्या, आणि प्रत्येक अर्ध्या सालीत साखर, जिरं आणि काळं मीठ दाबून भरून ताट उन्हात ठेवलं. दुपार कलायला लागली तोवर साखर विरघळून प्रत्येक साल आपल्याच लालभडक रसानं काठोकाठ भरली होती. आकांक्षानं त्यावर बर्फाचा चुरा घातला.

“ह्यो पेलो. रस पिवचो, आनी मगे पेलोच खावचो.”

प्रेमलतानं एक उचलला. आंबट, गोड, खारट सगळं एकदम अंगावर आलं, डोळे मिटले, खांदे वर गेले. मग तिनं ती साल कचाकच चावून खाल्ली आणि दुसरी उचलली.

“कोणी शिकयलां ह्यां?”

“कोणी नाय. न्हानपणी आमी सगळीच रातांब्यात साखर भरून खाव. मी वायच मोठ्या माणसांचां केलंय.”

“वायच म्हणता!” प्रेमलता म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. आपल्या पाटीतल्या मासळीबद्दल वाटायचा तोच ताठा तिला आज या पोरीबद्दल वाटत होता. “बाजारात बसलंस तर माझां गिऱ्हाईक पळवशीत.”

आकांक्षा हसली, आणि मग हसू आवरून ताट पुसायला लागली.

“आई, मीच सांगतंय सगळ्यांका. माका लपवक बरां वाटना नाय. मासळी नाय म्हणान लोक तुमका कंजूष म्हणतत, ता प्रितमान सांगल्यान माका.”

“सांग मगे कधीतरी. आज नको.”

“कित्याक?”

प्रेमलतानं रातांब्याची तिसरी साल उचलली. “ह्या वाडीत माणसाचां पयला काय दिसता ताच जल्मभर रवता. माका इचार. आधी तुझी चव त्यांच्या तोंडात पडांदे. मगे काय सांगाचां ता सांग, मी आडवी येवचंय नाय.”

रिसेप्शनच्या संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली मांडव उभा राहिला. विठोबा नवा पांढरा शर्ट घालून वाटेवर उभा होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून एकच वाक्य सांगत होता.

“मासळी नाय हां. पण जेवल्याबिगर जाव नको.”

लोक आले ते थोडे तोंड वाकडं करूनच. पण हातात रातांब्याची साल पडली, आणि मांडवाच्या तोंडाशी एकच गोंधळ उडाला. पेला खायचा म्हणजे काय? बायका एकमेकींना दाखवायला लागल्या, पोरं पुन्हा पुन्हा रांगेत यायला लागली. पहिली पंगत बसली, तेव्हा लवू नीरफणसाचं काप बोटांनी चिवडत बसला होता. शेवटी त्यानं मान वर केली.

“काटो खंय गेलो ह्याचो?”

“नीरफणस आसा, आजोबा,” आकांक्षा म्हणाली. शालू खोचून ती स्वतः सरबताच्या मेजाशी उभी होती.

“म्हायत आसा गो. सवय नाय जायत हाताची,” म्हणून लवूनं आणखी दोन कापं मागून घेतली. प्रेमलता खांबाआडून बघत होती. जमलं, तिला वाटलं. आता कोणी काही बोलो.

आणि त्याच क्षणी किनाऱ्याकडून ढोल वाजला.

प्रेमलता खांबाआडून बाहेर आली. तो ढोल कसला ते सांगायला नको होतं. वाळूतून बोटवाल्यांच्या सगळ्या बायका येत होत्या, काष्टा घातलेल्या, केसांत अबोली माळलेल्या. पुढे सीता, आणि सीताच्या डोक्यावर लाल फडक्यानं झाकलेली मोठी पाटी.

प्रेमलता धावतच पुढे गेली. “सीते! मी सांगललंय ना, पाटी नको म्हणान!”

“वाडीत लगीन आनी मांडवात पाटी नाय?” सीता थांबली नाही. “बाजूक हो. सुनेक बोलव.”

“आकांक्षा, तू भुतूर जा!” प्रेमलता ओरडली. पंगतीतले हात थांबले. आता सगळी वाडी बघत होती. आकांक्षा मेजामागून पुढे आली होती. तिनं हळदकुंकवाचं तबक हातात घेतलं होतं, तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तरी ती सरळ चालत होती.

“मी लावतंय, आई.”

“खुळी काय तू!” प्रेमलतानं तिचं मनगट घट्ट धरलं. प्रितम दुसऱ्या टोकाहून माणसं ढकलत येत होता. नवस गेला खड्ड्यात, प्रेमलताच्या मनात आलं, आता ओरडून सांगायचं सगळ्यांना, काय नाव ठेवायचं ते ठेवा. तिनं तोंड उघडलं.

आणि मग ती थबकली.

पाटीतून पाणी ठिबकत नव्हतं. आख्खं आयुष्य तिनं डोक्यावर पाटी वाहिली होती. मासळीच्या पाटीतून पाणी गळतं, कानामागून मानेवर उतरतं. सीताचा खांदा कोरडा होता. आणि वास? प्रेमलतानं नाक वर केलं. सीता हातभर अंतरावर उभी होती, आणि तिच्या अंगाला मासळीचा वास नव्हता. वास होता तो लिंबाचा. मागच्या बाईलाही लिंबाचा, तिच्या मागचीलाही. जन्मभर मासळीत हात घालणाऱ्या बायकांची आख्खी रांग लिंबाच्या वासानं घमघमत होती.

“बघतंस काय तोंडाक?” सीता म्हणाली. “मान मोडली माझी. उतरव.”

दोघींनी पाटी खाली उतरवली. सीतानं फडकं ओढलं. आत रातांब्यांची रास होती. त्यावर नीरफणस, ताडगोळे, शेवग्याच्या शेंगांची जुडी, काजूचे पिवळेलाल बोंडू, आणि मधोमध शेंडी असलेला नारळ.

“ह्यो नीरफणस लवूच्या बोटीचो,” सीता पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली. “शेंगो आमच्या बोटीच्यो. ताडगोळे त्या तकडच्या बोटीचे. आज दर्यार ह्यांच गावलां.”

कोणी हसलं नाही. पंगतीत बसलेले तांडेल आणि खलाशी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावत होते. लवूनं तर, “होय, आज जाळ्यात दुसरां काय येवकच नाय,” अशी पुस्तीही जोडली.

आकांक्षा तबक घेऊन पाटीशी वाकली. तिनं रातांब्यांना हळदकुंकू लावलं, नारळाला लावलं, मग पदर खोचला, पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि चुलीपर्यंत नेली. पाटी चांगली जड होती. ती कुठे टेकली नाही. बायकांनी ढोलाच्या तालावर आरोळी ठोकली, आणि विठोबानं वाटेवरचं आपलं वाक्य सोडून उपरण्यानं डोळे पुसले.

प्रेमलता अजून तिथेच उभी होती. सीता तिच्या कानाशी आली.

“नवस बोलाचो तर वायच देवी बघून बोलाचो गो. मासळी खाणाऱ्या देवीक मासळीचो नवस!”

“सीते, तुका कोणी...”

“कोणी काय सांगूक नाय, आनी माका काय म्हायत नाय.” सीतानं कंबरेवर हात ठेवला. “आता माका ता रातांब्याचां काय ता दी. सगळी वाडी खाता आनी मी पाटी वाहतंय.”

आकांक्षानं स्वतः तिला साल आणून दिली. सीतानं रस प्यायला, डोळे मिटले, साल चावली. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे बघत होती, कारण सीता नव्या माणसाला पहिल्यांदा हाक मारते तीच पुढे हाक होते हे प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रेमलता पाऊलभर पुढे सरकली.

सीतानं ओठ पुसले. “आनीक एक दी गो, रातांबी!”

“रातांबी!” पोरांनी लगेच उचललं. “रातांबी, माकाय! रातांबी, हकडे!” एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते नाव फिरलं. आकांक्षा आधी गोंधळली, मग हसली, मग ताट उचलून म्हणाली, “इलंय, इलंय!”

प्रेमलतानं पदर तोंडाला लावला. तिला हसायचं होतं, आणि भलतंच काहीतरी होत होतं. तेवढ्यात पंगतीतून लवूनं हात वर केला.

“गो रातांबीचे सासू! वडे खंय रवले?”

प्रेमलतानं मागे वळून पाहिलं. हाक कुणाला मारली ते तिच्या लगेच ध्यानात आलं नाही. मागे कोणी नव्हतं. लवू तिच्याकडेच बघत होता, आणि सीता खांबाला टेकून रातांब्याची साल चावत उगाचच समुद्राकडे बघत होती.

“हाडतंय वडे,” प्रेमलता म्हणाली, आणि वड्यांची परात उचलून पंगतीत शिरली.